डोनाल्ड ड्युअर आणि स्कॉटलंडची संसद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडच्या राजकारणाबद्दल मराठीत बोलणं निघालं की विषय बहुतेक स्वातंत्र्याच्या सार्वमताचा असतो आणि नावं ॲलेक्स सामंड किंवा निकोला स्टर्जन यांची. ही दोघं ज्या सभागृहात सत्तेवर आली, ते सभागृह ज्याने उभं केलं त्या माणसाची ओळख मात्र आपल्याकडे फारशी नाही. डोनाल्ड ड्युअर जेमतेम सतरा महिने सत्तेवर होते. तरीही स्कॉटलंडचा आजचा कारभार समजून घ्यायचा असेल तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

डोनाल्ड ड्युअर कोण होते?

स्कॉटलंडचे पहिले फर्स्ट मिनिस्टर. जन्म २१ ऑगस्ट १९३७, ग्लासगो. पेशाने वकील, पक्षाने मजूर. १९९७ ते १९९९ या काळात ते टोनी ब्लेअर यांच्या मंत्रिमंडळात स्कॉटलंड खात्याचे मंत्री होते. त्या दोन वर्षांत त्यांनी स्कॉटलंडच्या संसदेचा कायदा लिहवून घेतला, मंजूर करून घेतला आणि मग त्याच संसदेच्या पहिल्या सरकारचं नेतृत्व केलं. ११ ऑक्टोबर २००० रोजी पदावर असतानाच त्यांचं निधन झालं.

फर्स्ट मिनिस्टर म्हणजे आपले मुख्यमंत्री का?

कामाच्या दृष्टीने बरंचसं तसंच. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायव्यवस्था, शेती, घरबांधणी, स्थानिक स्वराज्य संस्था हे सगळं स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा इथल्या सरकारकडे. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, स्थलांतर लंडनकडे, म्हणजे ब्रिटिश सरकारकडे.

फरक मुळातच आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. आपल्या राज्यांचे अधिकार राज्यघटनेतून येतात. राज्य सूचीतला विषय साध्या बहुमताने काढून घेणं संसदेला जमत नाही. स्कॉटलंडच्या संसदेचा जन्म मात्र वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेच्या, एका साध्या कायद्यातून झाला आणि स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा आमचा अधिकार यामुळे कमी होत नाही, असं वेस्टमिन्स्टरने त्याच कायद्यात लिहून ठेवलं. इथे स्कॉटलंडची बाजू कच्ची.

शेषाधिकारांची गोष्ट उलटी. कुठल्याच सूचीत न बसणारा विषय आपल्याकडे केंद्राकडे जातो. स्कॉटलंडमध्ये तो एडिनबराकडे जातो. ही रचना ड्युअर यांच्या कायद्याने आली आणि तीच त्यांची सर्वांत मोठी करामत आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

राज्यपालासारखं पद तिथे नाही. फर्स्ट मिनिस्टर कोण, हे संसद सदस्य उघड मतदान करून ठरवतात आणि राजा किंवा राणी त्या नावाची नेमणूक करते. बहुमत कोणाकडे आहे हे राजभवनातल्या पत्रांवरून ताडत बसण्याचा प्रकार तिथे होत नाही.

ते राजकारणात आले कसे?

ग्लासगो विद्यापीठातून. तिथल्या वादविवाद मंडळाचा दबदबा असा की त्यातून आलेली मुलं पुढची तीस-चाळीस वर्षं ब्रिटिश राजकारणात दिसत राहिली. ड्युअर यांच्याच वेळी तिथे जॉन स्मिथ होते, जे पुढे मजूर पक्षाचे नेते झाले. मिंग कॅम्पबेल होते, ते पुढे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले. डेरी अर्विन होते, ते ब्लेअर सरकारात लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख मंत्री, झाले. ड्युअर यांनी इथे आधी इतिहासाची पदवी घेतली, मग कायद्याची.

घरची पार्श्वभूमी सुखवस्तू, वडील डॉक्टर. आईवडील दोघंही आजारी, मूल एकटंच, त्यामुळे बालपणाचा बराच काळ घरापासून दूर गेला. मोठेपणीही गर्दीत राहून थोडं अलिप्त असणं त्यांच्या स्वभावात होतं, असं जवळची माणसं सांगत.

१९६४ मध्ये ॲबर्डीन साउथमधून ते पहिल्यांदा उभे राहिले आणि हरले. १९६६ मध्ये त्याच मतदारसंघातून जिंकले. वय २८. १९७० मध्ये ती जागा हातून गेली.

१९७० च्या पराभवानंतर काय केलं?

वकिली केली. लॅनार्कशरमध्ये मुलांच्या सुनावणी मंडळापुढे प्रकरणं मांडणारे अधिकारी म्हणूनही काम केलं. स्कॉटलंडमध्ये गुन्ह्यात सापडलेली आणि घरातून दुर्लक्षित झालेली अशी दोन्ही प्रकारची मुलं एकाच मंडळापुढे येतात, आणि शिक्षा काय द्यायची यापेक्षा मुलाला काय हवं आहे याचा विचार तिथे आधी होतो. ही पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. सार्वजनिक जीवनात ड्युअर गरिबीबद्दल आणि घरांबद्दल ज्या तपशिलाने बोलत, त्याचा पाया या वर्षांत घातला गेला असावा असं मला वाटतं.

एप्रिल १९७८ मध्ये ग्लासगोच्या गार्सकॅडन मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. स्वतंत्र स्कॉटलंड मागणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी तेव्हा जोरात होती आणि मजूर पक्ष धास्तावलेला होता. ड्युअर यांनी जागा राखली. त्यानंतर ते कधीही हरले नाहीत.

१९७९ मध्ये सार्वमत जिंकूनही संसद का मिळाली नाही?

कारण नियमच तसा केला होता. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र सभागृहाबद्दल मतदान झालं. ५१.६ टक्के मतं बाजूने पडली. पण मजूर पक्षाच्याच एका खासदाराने आधीच दुरुस्ती घालून ठेवली होती की नोंदणी झालेल्या एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्के लोकांनी होकार द्यायला हवा. होकार निघाला ३२.९ टक्क्यांचा. घरी बसलेला मतदार, यादीतून नाव न निघालेला मृत मतदार, हे सगळे विरोधात धरले गेले.

पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्या मजूर सरकारने मग हात आखडता घेतला. चिडलेल्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने सरकारविरुद्ध मत दिलं आणि २८ मार्चला अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० असा एका मताने मंजूर झाला. निवडणूक झाली, मार्गारेट थॅचर आल्या आणि पुढची अठरा वर्षं हुजूर पक्षाची सत्ता राहिली.

ड्युअर त्या सार्वमतात होकाराच्या बाजूने प्रचार करत फिरले होते. काठावरचं बहुमत टिकत नाही आणि घाईत लिहिलेला कायदा शत्रूच्या हातात आयतं शस्त्र देतो, हे त्यांनी तेव्हा पाहिलं. १९९७ मध्ये त्यांनी जे जे केलं, त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट १९७९ ची पुनरावृत्ती टाळण्यासाठी होती.

विरोधी बाकांवरच्या अठरा वर्षांत त्यांनी काय मिळवलं?

१९८३ ते १९९२ ते स्कॉटलंड विषयाचे मजूर पक्षाचे प्रवक्ते होते. काम सहनशक्तीची परीक्षा पाहणारं होतं. १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या ७२ पैकी ५० जागा मजूर पक्षाने जिंकल्या, हुजूर पक्षाकडे फक्त १० राहिल्या आणि तरी स्कॉटलंडवर राज्य हुजूर पक्षाचंच. त्यात १९८९ मध्ये माणशी सरसकट कर बसवणारा पोल टॅक्स इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडमध्ये लागू झाला. आपण निवडून दिलेलं सरकार आपल्यावर राज्य करत नाही, ही भावना घरोघर पोचली ती तेव्हा.

त्याच काळात ड्युअर यांनी जो निर्णय घेतला, तो मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी वाटतो. चर्च, कामगार संघटना, नगरपालिका, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन अशा सगळ्यांचं मिळून एक घटनात्मक अधिवेशन भरत होतं. मजूर पक्षासारख्या बलाढ्य पक्षाला त्यात जायची गरज नव्हती, कारण जागा त्यांच्याकडेच होत्या. पक्षात कुरकूरही होती. ड्युअर यांनी पक्षाला त्यात नेलं. मार्च १९८९ मध्ये एडिनबरातल्या चर्चच्या सभागृहात पहिली बैठक झाली आणि आपलं सरकार कसं असावं हे ठरवण्याचा हक्क स्कॉटिश जनतेचा आहे, अशा जाहीरनाम्यावर मजूर पक्षाच्या जवळजवळ सर्व स्कॉटिश खासदारांनी सह्या केल्या. स्वायत्ततेला विरोध करणारे खासदार टॅम डिएल यांनी मात्र केली नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टी बाहेर पडली, हुजूर पक्ष आलाच नाही.

अधिवेशनाचं काम सहा वर्षं चाललं. नोव्हेंबर १९९५ मध्ये अंतिम आराखडा बाहेर आला आणि पुढच्या कायद्याचा सांगाडा त्यातूनच मिळाला.

जॉन स्मिथ यांचं नाव या गोष्टीत सारखं का येतं?

१९७० च्या दशकातला स्वायत्ततेचा कायदा ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातून पार नेणारे मंत्री स्मिथच होते. १९९२ मध्ये पक्षाचे नेते झाल्यावर स्कॉटलंडची संसद हे आपलं अपुरं राहिलेलं काम आहे असं ते म्हणत. १२ मे १९९४ रोजी हृदयविकाराने ते अचानक गेले. ड्युअर यांचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र गेला. अंत्यविधीत बोलणाऱ्यांत ड्युअर होते.

स्कॉटलंडच्या नव्या संसदेची पहिली बैठक भरली ती १२ मे १९९९ रोजी, म्हणजे बरोबर पाच वर्षांनी.

१९९७ नंतर सगळं इतक्या झपाट्याने कसं झालं?

मे महिन्याच्या सुरुवातीला सरकार आलं आणि २४ जुलैला श्वेतपत्रिका तयार होती. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत. सार्वमत आधी, कायदा नंतर, असा क्रम ठरला होता. १९७९ मध्ये हा क्रम उलटा होता. लोकांचा कौल आधी घेतला की वेस्टमिन्स्टरमधल्या विरोधकांना फाटे फोडणं अवघड जातं, हा हिशेब त्यामागे होता.

११ सप्टेंबर १९९७ रोजी दोन प्रश्न विचारले गेले. संसद हवी का? ७४.३ टक्के होकार. तिला कर कमीजास्त करण्याचा अधिकार हवा का? ६३.५ टक्के होकार. या वेळी ४० टक्क्यांची अट नव्हती आणि असती तरी संसदेच्या प्रश्नावर ती पार झाली असती. प्रचारात ड्युअर आणि सामंड एका बाजूला उभे राहिले, हेही १९७९ पेक्षा वेगळं.

आता कायद्याकडे. १९७८ च्या जुन्या कायद्यात स्कॉटलंडकडे कोणते विषय जातील याची लांबलचक यादी होती. अशा यादीत एखादी गोष्ट लिहायची राहिली की ती लंडनकडे गेली. प्रत्येक नव्या विषयावर वाद, प्रत्येक वादात कोर्ट. ड्युअर यांच्या १९९८ च्या कायद्याने यादी उलटी केली. लंडनकडे काय राहील तेवढंच परिशिष्टात लिहिलं आणि बाकीचं सगळं एडिनबराला दिलं. १९९८ मध्ये कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा प्रश्न वीस वर्षांनी उभा राहिला तरी तो आपोआप स्कॉटलंडच्या संसदेकडे जातो. एवढे अधिकार सोडायला लंडनमधली सगळी खाती राजीखुशीने तयार नव्हती. मंत्रिमंडळाच्या समितीत ड्युअर यांनी विषय एकेक करून लढवले, आणि बाहेर त्याचा फारसा गवगवा केला नाही.

कायद्याचं पहिलं कलम अगदी छोटं आहे: स्कॉटलंडची एक संसद असेल. विधेयक जाहीर करताना ड्युअर यांनी हे वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, मला हे आवडलं. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी कायद्याला राणीची संमती मिळाली.

त्यांनी हातातलं बहुमत सोडलं असं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि जाणूनबुजून सोडलं. नव्या संसदेच्या १२९ जागांपैकी ७३ नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मतदारसंघात ज्याला जास्त मतं त्याला, अशा आणि ५६ जागा पक्षांच्या प्रादेशिक याद्यांतून, मतांचं प्रमाण सावरण्यासाठी. ६ मे १९९९ च्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्षाने मतदारसंघांत सुमारे ३९ टक्के मतांवर ७३ पैकी ५३ जागा घेतल्या. जुन्या पद्धतीने त्यांना विरोधकच उरला नसता. यादीतून त्यांना फक्त ३ जागा मिळाल्या. एकूण ५६. बहुमताला ९ कमी.

स्कॉटिश नॅशनल पार्टीला ३५, हुजूर पक्षाला १८, लिबरल डेमोक्रॅटना १७ जागा मिळाल्या. ग्रीन आणि स्कॉटिश सोशलिस्ट यांचा प्रत्येकी एक आणि एक अपक्ष. ब्रिटनच्या कुठल्याही संसदेत निवडून आलेला ग्रीन पक्षाचा तो पहिला सदस्य.

पद्धत बदलली ती अधिवेशनातल्या मित्रपक्षांना दिलेल्या शब्दामुळे. शिवाय नवी संसद म्हणजे ग्लासगोतल्या मजूर पक्षाची जहागीर होईल, ही डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या लोकांची भीती घालवायची होती. राष्ट्रवाद्यांना एकट्याने बहुमत मिळू नये हाही हेतू होता, असं अनेक जण म्हणतात. असेल. २०११ मध्ये सामंड यांनी ६९ जागा जिंकून ते बहुमत मिळवलंच. पण सर्वांत मोठ्या पक्षाने स्वतःच्या जागा कमी होतील अशी पद्धत स्वतःच कायद्यात घालावी, ही गोष्ट जगात विरळा आहे आणि तिचं श्रेय हेतूंची चिकित्सा करून कमी होत नाही.

फर्स्ट मिनिस्टर म्हणून त्यांचं काम कसं होतं?

अवघड गेलं. १३ मे १९९९ रोजी संसदेने त्यांना ७१ मतांनी निवडलं आणि १७ मेला नेमणूक झाली. लिबरल डेमोक्रॅटांशी आघाडी करून त्यांचे जिम वॉलेस उपप्रमुख झाले. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये शांततेच्या काळातलं असं आघाडी सरकार कोणी चालवलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रथा पाडायच्या त्याही यांनीच.

पहिलाच पेच विद्यापीठांच्या शुल्काचा. लिबरल डेमोक्रॅटांनी शुल्क रद्द करू असं प्रचारात सांगितलं होतं आणि लंडनच्या मजूर सरकारने तर ते नुकतंच लावलं होतं. ड्युअर यांनी अँड्र्यू क्युबी यांची समिती नेमली. तिच्या अहवालानंतर प्रवेशाच्या वेळी भरायचं शुल्क स्कॉटिश विद्यार्थ्यांसाठी गेलं आणि पदवीनंतर, कमावू लागल्यावर द्यायची एकरकमी वर्गणी आली. २००८ मध्ये तीही रद्द झाली. एकाच पक्षाची दोन सरकारं, एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. स्वायत्तता म्हणजे काय हे सर्वसामान्य घरांना पहिल्यांदा कळलं ते इथे.

दुसरं मोठं काम जमिनीचं. मध्ययुगापासून चालत आलेली सरंजामी जमीनधारणा स्कॉटलंडमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कायद्याने जिवंत होती. घर विकत घेतलेल्या माणसालाही घरात फेरफार करायला कुणा वरिष्ठ जमीनदाराची परवानगी आणि तिचे पैसे द्यावे लागू शकत. वेस्टमिन्स्टरला या विषयासाठी कधी वेळ मिळाला नाही. एडिनबराच्या संसदेने २००० मध्ये ती पद्धत रद्द करणारा कायदा केला आणि २००४ मध्ये तो पूर्ण अमलात आला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदाही २००० चाच. ब्रिटनमध्ये इंग्लंड-वेल्सला १९५० च्या दशकापासून राष्ट्रीय उद्यानं होती, लॉख लोमंडसारखं सरोवर असलेल्या स्कॉटलंडला एकही नव्हतं. संसद कशाला हवी असं विचारणाऱ्यांना मी ही दोनच उदाहरणं देतो.

बाकी बातम्या मात्र कुरबुरींच्याच येत. सल्लागार सोडून गेले, मंत्री एकमेकांवर रुसले, खासगी संस्था मंत्र्यांपर्यंत पोच असल्याच्या बढाया मारताना पकडल्या गेल्या. पक्षाच्या निवड समितीने डेनिस कॅनव्हन या जुन्या खासदाराला उमेदवारी नाकारली होती. ते अपक्ष उभे राहून स्कॉटलंडमधल्या सर्वांत मोठ्या मताधिक्याने जिंकले. हा डाग ड्युअर यांच्या नेतृत्वावर राहिलाच.

१ जुलै १९९९ च्या भाषणाला एवढं महत्त्व का?

त्या दिवशी राणीच्या हस्ते संसदेचं औपचारिक उद्घाटन झालं आणि अधिकार प्रत्यक्ष हस्तांतरित झाले. शीना वेलिंग्टन या लोकगायिकेने माणसामाणसातल्या समतेचं अठराव्या शतकातलं गीत गायलं. शेवटच्या कडव्याला सदस्यही उभे राहून सूर मिसळू लागले.

ड्युअर काही गर्जना करणारे वक्ते नव्हते. उंच, किंचित वाकलेले, सूट कायम चुरगळलेला, बोलणं भरभर आणि वकिली वळणाचं. त्या दिवशी मात्र त्यांनी मोजून शब्द वापरले. क्लाइड नदीवरच्या गोदीत यंत्रांच्या गोंगाटात ओरडणारा वेल्डर, ईशान्येकडच्या मर्न्स भागातल्या शेतजमिनीतली बोली, एडिनबरा आणि ग्लासगोतल्या ज्ञानोदयाच्या चर्चा, मध्ययुगात इंग्लंडशी लढलेले राजा रॉबर्ट ब्रूस आणि योद्धा विल्यम वॉलेस यांच्या लढायांचे दूरचे पडसाद, हे सगळे आवाज या सभागृहात ऐकू येतात असं ते म्हणाले. हे केवळ राजकारणाबद्दल आणि कायद्यांबद्दल नाही, आपण कोण आहोत आणि स्वतःला कसं सांभाळतो याबद्दल आहे, असंही म्हणाले. राजांच्या आधी कामगाराचं नाव घेणं हे त्यांचं राजकारण होतं.

कलम २८ चा वाद काय होता?

शाळांमध्ये समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ द्यायला मनाई करणारं थॅचरकालीन कलम. सरकारने १९९९ च्या अखेरीस ते रद्द करायचं जाहीर केलं आणि वादळ उठलं. कॅथलिक चर्च, खपाची वर्तमानपत्रं आणि बस उद्योजक ब्रायन सूटर सगळे विरोधात. सूटर यांनी स्वखर्चाने घरोघर मतपत्रिका पाठवून खासगी सार्वमत घेतलं. परत आलेल्या दहा लाखांहून अधिक मतपत्रिकांत बहुसंख्य कलम ठेवण्याच्या बाजूच्या होत्या. रस्त्यांवर मोठमोठे फलक लागले.

नव्या सरकारला मागे हटायला हे कारण पुरेसं होतं. विवाहसंस्थेबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांच्या भाषेत ड्युअर सरकारने तडजोड केली, पण मूळ निर्णय सोडला नाही. २१ जून २००० रोजी संसदेने ९९ विरुद्ध १७ मतांनी कलम रद्द केलं. इंग्लंडने तेच २००३ मध्ये केलं. मतदानाच्या वेळी ड्युअर शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीवर होते.

हॉलिरूडच्या संसद इमारतीचा खर्च दहापट कसा वाढला? दोष त्यांचा होता का?

श्वेतपत्रिकेत नव्या इमारतीसाठी १ ते ४ कोटी पौंडांचा अंदाज होता. शेवटचा आकडा सुमारे ४१ कोटी ४० लाख पौंड. इमारत तीन वर्षं उशिरा, ऑक्टोबर २००४ मध्ये उघडली.

एडिनबरातल्या काल्टन हिल या टेकडीवर एक जुनी शाळा १९७९ पासून संसदेसाठी सज्ज होती. ड्युअर यांनी ती नाकारून हॉलिरूड राजवाड्यासमोरची जागा निवडली. काल्टन हिल राष्ट्रवाद्यांचं प्रतीक बनल्यामुळे त्यांना ती नको होती, असं तेव्हा बोललं गेलं. स्पर्धेतून बार्सिलोनाचे एन्रिक मिरालेस यांची निवड झाली. मग सदस्यांच्या गरजा वाढल्या, क्षेत्रफळ वाढलं, आराखडे बदलले. बांधकामाचा करार असा होता की किंमत आधी पक्की ठरत नव्हती आणि सगळी जोखीम सरकारी तिजोरीवर होती. जुलै २००० मध्ये मिरालेस ४५ व्या वर्षी गेले, तीन महिन्यांनी ड्युअर गेले. जबाबदारी घेणारं एकही तोंड उरलं नाही.

लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशीचा अहवाल सप्टेंबर २००४ मध्ये आला. ड्युअर यांनी सदस्यांची जाणीवपूर्वक दिशाभूल केल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ठपका मुख्यतः अधिकाऱ्यांवर आणि त्या करारपद्धतीवर होता. माझं मत थोडं कडक आहे. संसद निवडून येण्याआधीच तिची जागा आणि वास्तुशिल्पी ठरवण्याची घाई ड्युअर यांची होती. एरवी प्रत्येक गोष्टीत सबुरी दाखवणारा माणूस इथे थांबला नाही. नव्या संसदेची बाल्यावस्थेतली चार-पाच वर्षं या एका विषयाने खाल्ली.

परीक्षेच्या निकालांचा गोंधळ त्यांच्याच काळातला का?

हो. ऑगस्ट २००० मध्ये नवी परीक्षापद्धत आणि गुणांची माहिती गोळा करण्याची बिघडलेली यंत्रणा यामुळे हजारो मुलांना चुकीचे किंवा अर्धवट निकाल मिळाले. विद्यापीठ प्रवेशाच्या तोंडावर. परीक्षा मंडळाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. ड्युअर आजारातून परतले तेच या प्रश्नात.

खासगी आयुष्याबद्दल काय माहीत आहे?

ते स्वतः बोलत नसत. लग्न १९६४ मध्ये, दोन मुलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घटस्फोट. पत्नीने पुढे डेरी अर्विन यांच्याशी लग्न केलं. ड्युअर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. १९९७ मध्ये ड्युअर आणि अर्विन एकाच मंत्रिमंडळात आले, आणि स्कॉटलंडच्या कायद्याचा मसुदा ज्या समितीपुढे कलमवार तपासला गेला तिचे अध्यक्ष अर्विन होते. महिनोन्महिने समोरासमोर बसून काम झालं आणि कायदा वेळेत तयार झाला. यावर अधिक काही लिहिण्याचा हक्क कुणाला आहे असं मला वाटत नाही.

पुस्तकांचं वेड मोठं. त्यांचा संग्रह आज संसदेच्या आवारातल्या क्वीन्सबेरी हाउसमधल्या त्यांच्याच नावाच्या दालनात आहे.

त्यांचं निधन कसं झालं?

मे २००० मध्ये हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात कारभार जिम वॉलेस यांनी पाहिला. ऑगस्टमध्ये ड्युअर कामावर आले, पण पूर्वीचा दम राहिला नव्हता. १० ऑक्टोबरला एडिनबरातल्या ब्यूट हाउस या अधिकृत निवासस्थानाबाहेर ते पडले. सुरुवातीला काही विशेष वाटलं नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू होती. संध्याकाळपर्यंत मेंदूत रक्तस्राव होत असल्याचं लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वेस्टर्न जनरल रुग्णालयात ते गेले. वय ६३. अंत्यविधी ग्लासगो कॅथीड्रलमध्ये झाला आणि शहरातले रस्ते दुतर्फा माणसांनी भरले होते.

ते स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या बाजूचे होते का?

नाही. ब्रिटन एकत्र राहावं आणि स्कॉटलंडचा घरचा कारभार स्कॉटलंडने करावा, ही त्यांची भूमिका आयुष्यभर बदलली नाही. संसद दिली की राष्ट्रवाद संपेल असं त्यांच्या पक्षातले काही जण उघडपणे म्हणत. टॅम डिएल बरोबर उलट सांगत: हा रस्ता स्वातंत्र्यापर्यंतच जातो, मध्ये वळण नाही. आतापर्यंत दोघांचंही पूर्ण खरं ठरलेलं नाही. २००७ पासून सत्ता स्कॉटिश नॅशनल पार्टीकडे गेली, आणि २०१४ च्या सार्वमतात ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्य नाकारलं.

ड्युअर यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल. १९९७ मध्ये कॉमन्समध्ये सामंड यांनी त्यांना विचारलं होतं की लोकांनी पुढे स्वातंत्र्य मागितलं तर तुमची योजना आड येईल का. लोकांच्या सार्वभौमत्वाला आव्हान देणारा मी शेवटचा माणूस असेन, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. कायद्यात मात्र त्यांनी स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन राज्यांचं एकीकरण हा विषय लंडनकडे ठेवला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीवरून निकाल दिला की स्कॉटलंडची संसद वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय स्वातंत्र्याचं सार्वमत घेऊ शकत नाही. लोकांचा हक्क मान्य, पण तो बजावायचा मार्ग कुठला, हे ड्युअर यांनी मोकळं सोडलं. आजचा सगळा पेच तिथेच अडकला आहे.

त्यांच्यानंतर कोण कोण आलं?

हेन्री मॅक्लीश (२००० ते २००१) आणि जॅक मॅकॉनल (२००१ ते २००७) हे मजूर पक्षाचे. मग स्कॉटिश नॅशनल पार्टीचे ॲलेक्स सामंड (२००७ ते २०१४), निकोला स्टर्जन (२०१४ ते २०२३), हमझा युसुफ (२०२३ ते २०२४) आणि मे २०२४ मध्ये जॉन स्विनी. २०१६ च्या कायद्याने संसदेचे करविषयक अधिकार वाढवले आणि स्कॉटलंडच्या जनतेचं सार्वमत घेतल्याशिवाय ही संसद बरखास्त करता येणार नाही असं लिहून दिलं. ड्युअर यांच्या मूळ कायद्यात हे आश्वासन नव्हतं.